डोळ्याला दिसतं, मोजणीत येत नाही

एका संशोधक विद्यार्थिनीचं पत्र, थोडक्यात:

पीएचडीचं तिसरं वर्ष. डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर एका संयुगाचा काय परिणाम होतो, हा विषय. वर्षभर मायक्रोस्कोपखाली पाहून पाहून तिला ठामपणे वाटू लागलंय, की संयुग दिलेल्या पेशी ‘थकलेल्या’ दिसतात. पण पेशींची संख्या आणि त्यांचा सरासरी व्यास, दोन्हींत म्हणावा असा फरक नाही. प्रयोग तीनदा झाला. पहिल्या खेपेला संख्या थोडी कमी भरली, पुढच्या दोन खेपांना काहीच नाही. ‘त्या दोन्ही आठवड्यांत इन्क्युबेटरचं (पेशी ठराविक तापमानात ठेवायच्या कपाटाचं) दार सारखं उघडलं जात होतं, म्हणून त्या दोन खेपा मी धरत नाही,’ असं ती लिहिते. गाइडचं म्हणणं, हे मनाचे खेळ आहेत, विज्ञानात वाटण्याला जागा नाही. तिचा प्रश्न: ‘मग ज्यांना स्वप्नात शोध लागले त्यांचं काय? मी अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवू की पुराव्यावर? लहानपणापासून सगळे मला कल्पनेत रमणारी म्हणतात. कदाचित मी या क्षेत्रासाठी नाहीच.’

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमच्या स्टुलावर बसून, एकदा तुमच्या गाइडच्या खुर्चीत बसून. दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडखळले, आणि ते वाक्य अंतःप्रेरणेबद्दलचं नाही, इन्क्युबेटरच्या दाराबद्दलचं आहे. तिकडे येतेच. आधी स्वप्नांचा हिशेब मिटवू, कारण तुम्ही त्यांच्या भरवशावर बरंच काही उभं केलंय.

बेंझिनचा रेणू कड्यासारखा असतो ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी १८६५ मध्ये मांडली. शेकोटीसमोर डुलकी लागली आणि स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप डोळ्यांपुढे गरगरू लागला, ही गोष्ट मात्र त्यांनी सांगितली १८९० मध्ये, सत्काराच्या समारंभात. मध्ये पंचवीस वर्षं गेली होती. सत्काराला उत्तर देताना माणूस आठवणींना थोडी इस्त्री करतोच, त्यामुळे ती डुलकी नेमकी कशी लागली होती यावर इतिहासकार अजून भांडतात. ते भांडोत बापडे. मला त्याच भाषणातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. आपण स्वप्नं पाहायला शिकू या, पण जाग्या बुद्धीनं पारखून घेतल्याशिवाय ती छापायची घाई नको, असं केकुले तिथेच म्हणाले होते. साप सगळ्यांच्या लक्षात राहिला, ताकीद कुणाच्याच नाही.

ऑटो लोवी यांची गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे. हृदयापर्यंत पोहोचलेली नस हृदयाला तिचा निरोप कसा देते, विजेनं की एखाद्या रसायनानं, असा तेव्हा वाद होता. रसायन असावं असं लोवींना तरुणपणीच, १९०३ च्या सुमारास वाटून गेलं होतं. पण ते तपासायचं कसं, हे काही सुचलं नाही आणि विषय मागे पडला. पुढे सतरा-अठरा वर्षांनी एका रात्री ते झोपेतून उठले, कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दिवसभर तो कागद उलटसुलट करून पाहिला, व्यर्थ. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी त्यांनी कागदाचा नाद सोडला आणि तडक प्रयोगशाळा गाठली.

तिथे त्यांनी काय केलं पाहा. बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाला व्हेगस नस (हृदयाची गती कमी करणारी) जोडलेली, दुसऱ्याची नस काढून टाकलेली. दोन्ही क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याची नस विजेनं चेतवली, ते मंदावलं. हे अपेक्षितच होतं. मग त्या पहिल्या हृदयाभोवतीचं द्रावण उचलून दुसऱ्याला दिलं. ज्याला नसच नव्हती तेही मंदावलं. म्हणजे त्या द्रावणात काहीतरी उतरलं होतं. हा प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

यात स्वप्नानं दिलं काय? ‘उत्तर रसायन आहे’ हे तर त्यांना सतरा वर्षं वाटतच होतं. स्वप्नानं दिली ती प्रयोगाची आखणी: दोन भांडी, दोन हृदयं आणि एक उचललेलं द्रावण. लोवींनी पुढे कबूल केलंय, की दिवसाउजेडी नीट विचार केला असता तर आपण हा प्रयोग केलाच नसता. नसेतून सुटलेलं रसायन आजूबाजूच्या द्रावणात उतरण्याइतकं असेल असं मुळीच वाटलं नसतं. दिवसाचं मन फार शिष्ट असतं, वेडगळ गोष्टींना दारातूनच परत पाठवतं. त्या मनाला रात्री तीन वाजता झोप लागलेली असते, एवढाच स्वप्नाचा फायदा.

म्हणून ‘अंतःप्रेरणा की पुरावा’ हा तुमचा प्रश्न मला आहे तसा घेता येत नाही. हे दोघं एकाच जागेसाठी अर्ज केलेले उमेदवार नाहीत. कुठे पाहायचं, कशावर दोन महिने खर्च करायचे, कुठली डिश फेकून न देता पुन्हा बघायची, हे तुम्हाला कुठलाही तक्ता सांगणार नाही. ते वाटावंच लागतं. पाहून झाल्यावर काय म्हणायची मुभा आहे, हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे वाटण्याला मत नाही. गाइडचं ‘विज्ञानात वाटण्याला जागा नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धं बरोबर आहे. पूर्ण बरोबर असतं तर त्यांनाही स्वतःचा विषय निवडता आला नसता.

आता ते दार.

पहिल्या खेपेला फरक आला. त्या आठवड्यात दार किती वेळा उघडलं गेलं, याची नोंद तुमच्याकडे आहे का? पत्रात तरी दिसत नाही. माझा अंदाज, तेव्हा तुम्ही दाराकडे पाहिलंच नव्हतं, कारण पाहायची गरज पडली नव्हती. मनासारखा निकाल आला की आपण वही मिटतो, नको तो आला की यंत्रं तपासायला घेतो. यंत्रांत काही ना काही सापडतंच. कुठल्याही लॅबमध्ये कुठल्याही आठवड्यात सापडेल. तुम्ही खोटेपणा करताय असं मी म्हणत नाही. पूर्ण प्रामाणिकपणे, दर वेळी खरंखुरं कारण देऊन, माणूस स्वतःला हवं तिथे नेऊन पोचवू शकतो. त्रास तिथेच आहे.

हे मी तुमच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. संशोधनाच्या दिवसांत माझ्याकडे नमुन्यांचे दोन गट होते, ‘अ’ आणि ‘ब’. दोन्ही ओव्हनमध्ये वाळवायचे आणि मग सूक्ष्म तराजूवर तोलायचे. ‘अ’ गट दर वेळी थोडा हलका भरायचा. तो जास्त पाणी सोडतो असा माझा सिद्धांत होता. त्यामागची रचना, तिचं कारण, सगळं मनात तयार होतं, आकृतीसुद्धा काढून झाली होती. एका ज्युनियर मुलानं सहज विचारलं, ‘तुम्ही आधी कुठला गट तोलता?’ आधी ‘अ’ तोलायची. का, तर ‘अ’ आधी येतो म्हणून! ते नमुने अजून कोमट असायचे. कोमट वस्तूभोवतीची हवा गरम होऊन वर चढते आणि अशा तराजूवर ती वस्तू खरी आहे त्याहून हलकी दिसते. ‘ब’ ची पाळी येईपर्यंत सगळं निवलेलं असायचं. चार महिन्यांचा सिद्धांत दहा मिनिटांच्या थंड होण्यात विरून गेला. आकडे सगळे खरे होते. तराजूही ठीक होता. आकडे आपल्या बाजूनं होते तोवर मला ते तपासावंसं वाटलं नव्हतं, एवढंच.

तेव्हा तुमच्या तीन खेपांचं माझं मत सरळ आहे: तिन्ही धरा, नाहीतर तिन्ही सोडा. चौथ्या खेपेला इन्क्युबेटरमध्ये तापमानाची सलग नोंद ठेवणारं यंत्र ठेवा आणि तापमान किती ढळलं तर खेप बाद, हे डिश आत ठेवण्याआधी वहीत तारखेसह लिहा. निकाल पाहिल्यावर सुचलेलं कारण कितीही खरं असो, ते पुढच्या खेपेसाठी वापरायचं, झालेल्या खेपेसाठी नाही.

‘थकलेल्या’ या तुमच्या शब्दावर मी बराच वेळ थांबले. तो शब्द मला आवडला आणि त्याची भीतीही वाटली. भीती का, ते सांगते. १९०३ मध्ये ब्लोंडलो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी ‘एन किरण’ जाहीर केले. माणूस नाव असलेला, कामाला चोख. हे किरण पडले की मंद ठिणगी किंवा मंद चमकणारा पडदा किंचित उजळतो, असं त्यांना अंधाऱ्या खोलीत दिसायचं. पाहता पाहता इतर अनेकांनाही दिसू लागलं, निबंधांची रांग लागली. १९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. किरण वळवण्यासाठी अॅल्युमिनियमचा एक लोलक वापरला जात होता. अंधारात, कुणाला न सांगता, वुड यांनी तो काढून घेतला. रीडिंगं पूर्वीसारखीच येत राहिली.

‘किंचित उजळ’ आणि ‘थकलेली’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याच्या डोळ्याला ते दिसतात. आणि तुम्हाला उत्तर माहीत असतं. कुठल्या डिशमध्ये संयुग घातलंय हे तुमच्याच बोटांना ठाऊक असतं.

पण मग तुमचा डोळा खोटा, असं मी म्हणू का? नाही म्हणवत. अनुभवी नजर मोजपट्टीच्या आधी पोचते, हेही तितकंच खरं आहे. अशा नजरेवर भरवसा कधी ठेवावा यावर डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला. एक जन्मभर अंतःप्रेरणेच्या चुका मोजत आलेला, दुसरा अग्निशमन दलातल्या अनुभवी माणसांची अचूक नजर अभ्यासत आलेला. भांडायला बसले आणि बरंचसं जुळलं. दोघांचं ठरलं ते असं: जिथे गोष्टींना काही नियमितपणा आहे, आणि जिथे माणसाला आपला अंदाज बरोबर की चूक हे वेळोवेळी कळत गेलंय, तिथे नजर तयार होते. दोन्हींपैकी एक नसेल तर फक्त आत्मविश्वास तयार होतो. आतून दोन्ही सारखेच वाटतात, ही खरी पंचाईत.

या कसोटीवर तुमचं वर्ष लावून पाहा. पेशींमध्ये नियमितपणा असेल, मान्य. हजारो पेशी पाहिल्यात, तेही मान्य. पण ‘ही थकलेली’ असं म्हटल्यावर ‘चूक, ही संयुग न दिलेली आहे’ असं तुम्हाला वर्षभरात एकदा तरी कुणी सांगितलं? सांगणार कसं, लेबल पाहूनच तुम्ही पाहायला बसत होता. तुमचा डोळा वर्षभर शाळेत गेला आणि परीक्षा एकदाही झाली नाही. तो हुशार आहे की नुसता हजर होता, हे अजून तुम्हालाही माहीत नाही आणि गाइडनाही.

परीक्षा घ्या. याची एक जुनी, फार देखणी पद्धत आहे. कपात दूध आधी ओतलं की चहा आधी, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं एका बाईंनी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यासमोर म्हटलं होतं. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात या दाव्याची चाचणी मांडली: आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून कुठले चार, याच्या ७० शक्यता होतात. म्हणजे काहीही न कळता सगळे बरोबर ओळखण्याची संधी ७० त एक. मला यातलं आवडतं ते हे, की ‘असं काही कळूच शकत नाही’ म्हणून बाईंना उडवून लावलं नाही आणि ‘वाटतंय ना, मग असेल’ म्हणून मानही डोलावली नाही. कप मांडले.

तुमच्यासाठी मी असं सुचवीन. २० डिश घ्या. लॅबमधल्या एका मैत्रिणीला सांगा, की प्रत्येक डिशसाठी नाणं उडवायचं. छापा आला तर संयुग, काटा आला तर नुसतं द्रावक (संयुग ज्यात विरघळवता ते), तेवढंच आणि त्याच वेळी. डिशवर फक्त क्रमांक. इन्क्युबेटरमधली जागा आणि तुमच्यापुढे यायचा क्रम, दोन्ही चिठ्ठ्या टाकून. माझा कोमट ‘अ’ गट आठवा. पेशी ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमाचा रंग संयुगानं किंचितसुद्धा बदलत असेल तर पाहण्याआधी माध्यम बदलून घ्या, नाहीतर तुम्ही पेशी न पाहता रंग पाहाल आणि स्वतःला कळणारही नाही. मग एकेक डिश पाहा आणि दोन गोष्टी लिहा: थकलेली की ताजी, आणि का. २० पैकी किती बरोबर आल्या तर मानायचं, हे आधी ठरवा. निव्वळ नशिबानं १५ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात साधारण दोन आहे. रेघ १४ वर आखलीत तर ती शंभरात सहाच्या आसपास जाते. मी १५ वर आखली असती. आणि १३ आल्या म्हणून ‘आणखी एकदा करून बघू’, मग ‘आणखी एकदा’, असं करत १५ येईपर्यंत खेळायचं नाही. किती वेळा करणार तेही आधीच लिहायचं.

१५ किंवा त्याहून जास्त आल्या, तर तुमचं पाहणं हाच पुरावा झाला. कशाचा? डिशमध्ये काहीतरी वेगळं आहे, एवढ्याचाच. पेशी ‘थकल्या’ आहेत याचा नाही. तिथून तुमचा ‘का’ चा रकाना कामाला येईल. कडा खरबरीत, केंद्रक एका बाजूला, आत दाणे जास्त, दोन पेशींमधलं अंतर विस्कटलेलं, असं काही त्यात पुन्हा पुन्हा आलेलं असेल तर ते मोजता येतं. इथे गाइडच्या एका गृहीताकडेही बोट दाखवते. संख्या आणि सरासरी व्यास यांत फरक नाही, म्हणजे फरकच नाही, असं होत नाही. अर्ध्या पेशी फुगल्या आणि अर्ध्या आक्रसल्या तर सरासरी जागची हलणार नाही. व्यासाचे आकडे तुमच्याकडे आहेतच. त्यांचा पसारा, म्हणजे ते सरासरीपासून किती दूरवर विखुरलेत, काढून बघा, तासाभराचं काम.

नऊ-दहा-अकरा आल्या, तर लेबलाशिवाय तुमच्या डोळ्याला काही दिसत नव्हतं. वाईट वाटेल, वाटू द्या. पण त्यातून तुमच्याबद्दल काही सिद्ध होत नाही. या डिशमधल्या या पेशींबद्दल डोळा चुकला, इतकंच.

गाइडचं काय करायचं? ‘मनाचे खेळ’ हेही त्यांना वाटलेलंच आहे, ही गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. मोठ्या माणसाला वाटलेलं वजनदार दिसतं, म्हणून ते पुरावा होत नाही. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांचं उदाहरण घ्या. १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांच्या प्रकाशाचं सूर्यापाशी वळणं मोजणाऱ्या मोहिमांमागचा हा माणूस. तेव्हाच्या बहुतेकांना वेडगळ वाटणारी कल्पना आकाशात तपासायला निघालेला. सोळा वर्षांनी, १९३५ मध्ये, तरुण चंद्रशेखर यांनी लंडनच्या सभेत आपलं गणित मांडलं: श्वेत बटू ताऱ्याच्या (इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्याच्या) वस्तुमानाला मर्यादा आहे, सूर्याच्या साधारण १.४ पट, त्यापुढे तारा तसा टिकणार नाही, कोसळत जाईल. त्यावर हेच एडिंग्टन म्हणाले, की ताऱ्याला असं विचित्र वागू न देणारा काहीतरी निसर्गनियम असला पाहिजे. मूळ सूत्रावर त्यांनी शंका घेतली, पण गणितातली चूक दाखवली नाही, मोजमाप दिलं नाही. मुळाशी होतं ते, असं कसं होईल, हेच. चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

आता ही गोष्ट ऐकून खूश होऊ नका. ‘हे विचित्र आहे’ असं ज्यांना सांगितलं गेलं त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं खरोखरच विचित्र होतं, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. शिवाय तुमच्या गाइडच्या नजरेची परीक्षा बहुधा अनेकदा झालीय. लाडका परिणाम उराशी धरलेले किती विद्यार्थी त्यांनी पाहिले असतील, आणि त्यांतल्या किती जणांचं पुढे काय झालं, हे त्यांना कळत गेलंय. तेव्हा वाद घालू नका. ‘सर, मला बरोबर ठरवा’ असं न म्हणता ‘मी चूक आहे का हे कळायला २० डिश आणि दहा दिवस द्या’ असं म्हणून पाहा. फार कमी गाइड याला नाही म्हणतात. उलट आखणीत त्यांची भर घ्या. तुमचा प्रयोग पाडायला त्यांच्याइतकी चांगली कारणं दुसऱ्या कुणाला सुचणार?

राहिलं ते ‘कल्पनेत रमणारी’. हे तुम्हाला दोष म्हणून चिकटवलं गेलंय आणि तुम्ही ते निमूट घेतलंत. मला तर तुमची कल्पनाशक्ती कमी पडतेय असं वाटतं. संयुग आत शिरलंय, पेशी दमतायत, हे जग तुम्ही बारकाव्यानं रंगवलंय. ज्यात संयुग काहीच करत नाही आणि तरी तुम्हाला नेमकं हेच सगळं दिसतं, ते दुसरं जग कुठे आहे? ते एका ओळीतही पत्रात नाही. प्रयोग सुचतो तो ही दोन जगं शेजारी शेजारी ठेवली आणि ती कुठे वेगळी दिसतील हे शोधलं, की.

सी. व्ही. रामन १९२१ मध्ये बोटीनं प्रवास करत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं रॅली यांच्यासारख्या दिग्गजानं सांगून ठेवलेलं. रामन यांना ते पटेना. नुसतं न पटण्यानं काय होतंय! प्रतिबिंबच असेल तर प्रतिबिंब अडवल्यावर निळाई जायला हवी; नसेल तर राहायला हवी. सोबत निकोलचा लोलक होता. योग्य कोनातून त्यातून पाहिलं की पाण्यावरून परतणारा प्रकाश जवळजवळ पुसला जातो. त्यांनी पाहिलं. निळाई राहिली, उलट अधिक गडद दिसली. बोटीवर, खिशात मावणाऱ्या साधनानं, दोन जगं वेगळी झाली. पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात हा धागा धरून पुढची सात वर्षं काम चाललं आणि २८ फेब्रुवारी १९२८ चा, रामन परिणामाच्या शोधाचा दिवस उजाडला.

दुसरं जग रंगवायची सवय नसते, ती लावावी लागते. डार्विन यांनी आत्मचरित्रात आपला एक नियम सांगितलाय: आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली वा सुचली की ती तिथल्या तिथे लिहून ठेवायची, कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात. तुमच्या वहीच्या मागच्या बाजूनं हे सुरू करा. पहिली नोंद मी सुचवते: ‘संयुग न दिलेल्या डिशमध्ये आज थकलेल्या पेशी दिसल्या.’ दिसल्या असतीलच कधीतरी. आठवून बघा, तारीख सांगता येते का.

आणि चाचणी फसली, पण वाटणं गेलं नाही, तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्र वाचताना तोच माझ्या मनात घोळत होता. मायकेल फॅरडे यांना खात्री होती, की गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा आपसात काहीतरी संबंध असणार. तारांची वेटोळी उंचावरून खाली सोडून त्यांत वीजप्रवाह उमटतो का, हे ते पाहत राहिले. नाही उमटला. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शेवटी त्यांनी लिहिलं ते असं: तूर्त माझे प्रयत्न इथे थांबतात, निष्कर्ष नकारात्मक आहेत, असा संबंध आहे ही माझी तीव्र भावना त्यांनी डळमळत नाही, पण असा संबंध असल्याचा पुरावाही त्यांतून मिळत नाही. फॅरडे शोधत होते तसा परिणाम आजवर कुणालाच मिळालेला नाही. तरीही मला तो परिच्छेद त्यांच्या यशस्वी प्रयोगांइतकाच मोलाचा वाटतो. भावना लपवली नाही, निकाल लपवला नाही, आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागू दिला नाही. दहा दिवसांनी आकडा आठ आला तर गाइडना नेमकं असंच लिहून द्या. त्यानंतर या संयुगावर आणखी किती महिने घालायचे हे दोघांनी बसून ठरवा. ते ठरवताना तुमचं वाटणं टेबलावर असायला हरकत नाही. वेळ आणि पैसा कुठे घालायचा हे ठरवताना ते सगळ्यांचंच असतं.

एक बारीकशी गोष्ट. नाण्याच्या निकालांचा कागद बंद पाकिटात घालून मैत्रिणीच्या खणात ठेवायला सांगा, खणाला कुलूप असलेलं बरं. आणि ती डिश हातात देईल तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघू नका. तिलाही तुमचं भलंच व्हावंसं वाटत असणार.